भुंडे हात

परवा जुन्या जालन्यात लेकीच्या ओटीभरणासाठी हिरव्या बांगड्या घ्यायला गेले. गल्लीत रिक्षा आणि मोटारसायकली एकमेकींवर खेकसत होत्या, आणि आत दुकानात बांगड्या भरणारे चाचा एका नव्या नवरीचा हात साबणाच्या पाण्यानं ओला करून, पंजा हलकेच दाबत, एकेक बांगडी वर सरकवत होते. त्या साबणाचा वास नाकात शिरला मात्र, माझं मन बांगड्यांवरून पार उडालं. ओल्या हातांना येणारा साबणाचा वास म्हणजे माझी आई.

आई नर्स होती. अंकुशनगरच्या साखर कारखान्याजवळच्या एका गावात, सरकारी उपकेंद्रावर. ऊसतोड्यांची पाचटाची कोपी असो की पाटलाची माडी, बाळंतपणाला गेली की तिची रीत एकच. नखं कापलेली, मनगटं मोकळी. कुणाला तरी तांब्या धरायला लावून ती कोपरापर्यंत हात घासून धुवायची, आणि धुतलेले हात पुसायची नाही. वर धरून वाळवायची. "लोकांच्या फडक्याचा काय भरवसा?" म्हणायची. घरी आल्यावर त्याच खरखरीत हातांनी माझ्या डोक्याला खसाखसा तेल लावायची. डोकं दुखायचं, पण मांडीवरून उठावंसं कधी वाटलं नाही. बांगड्यांची तिला हौस नव्हती असं मात्र कुणी समजू नये. यात्रेत बांगड्यांच्या दुकानासमोर ती इतकी रेंगाळायची की बाबा चेष्टा करत. पण काच फुटून बाळाला लागली तर? या एका विचारापायी तिनं हौस गुंडाळून ठेवली होती. गावाला ते रुचत नव्हतं. माझी आत्या, बाबांची थोरली बहीण, दोन घरं सोडून राहायची. ती तर येता-जाता बोलायची, "नवरा जिता असून भुंडे हात! शोभतं का?" बाबा हसून म्हणायचे, "अक्का, मी धडधाकट हाय ना? मंग?"

मी सहावीत असताना बाबा अचानक गेले. शेतातून आले, पाणी प्यायले आणि कलंडले, एवढंच. घर माणसांनी भरलं. आणि त्या गर्दीतून आत्या हिरव्या बांगड्या घेऊन आली. रिवाज होता ना, नवरा गेला की बांगड्या वाढवायच्या! पण आईच्या हातात मुळात बांगडीच नव्हती. मग काय, आधी भरायच्या आणि मग फोडायच्या. आजही आठवलं की माझ्या अंगाची आग होते. चार बायकांनी आईचा हात धरला. रडून डोळे सुजलेल्या आईनं तो हिसकून घेतला. "मी रडून राह्यले ते दिसंना का तुम्हाला? काच फुटल्याबिगर माझं दुःख खरं वाटत न्हाई का?" आत्यानं बांगड्या पदरात बांधल्या आणि भिंतीकडं तोंड करून बसली.

घरातली दुखवट्याची सतरंजी अजून उचलली नव्हती, तोच आत्याच्या सुनेच्या पोटात कळा सुरू झाल्या. उसाच्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला, अंबडच्या दवाखान्यात न्यायची सोय होईना. आई आपणहून उठली, पिशवी घेतली आणि निघाली. एकटीला घरी बसवेना म्हणून मी मागोमाग गेले. आत्या दारात आडवी उभी. "वैनी, तू नगं. पांढऱ्या कपाळानं, रिकाम्या हातानं लेकराला शिवू नगं." आतून सून ओरडत होती. सुईण कुणाकडं तरी गेल्ती, दुसरं माणूस गावात नव्हतं. आईनं पिशवी खाली ठेवली. आवाज चढवला नाही, पण मी इतका कडक आवाज तिचा पुन्हा ऐकला नाही. "वन्सं, तुमचा पहिला नातू ह्याच हातात आल्ता. तवा कुठं होत्या बांगड्या? हात तवाबी भुंडेच व्हते." मग बाह्या वर सारून तिनं दोन्ही हात पुढं केले. "पाणी घाला."

आत्या हलेना. आई हात मागं घेईना. शेवटी आतून एक किंकाळी आली आणि आत्यानं तांब्या उचलला. थोड्या वेळानं तिची नात रडली, चांगली खणखणीत.

त्यानंतर आईला कुणी अडवलं नाही असं लिहायला मला आवडलं असतं. अडवलं! कितीतरी दारांत अडवलं. ती वाद घालत नसे, तिथंच बाह्या सारून पाणी मागायची. निवृत्त झाली त्याच्या दुसऱ्या सकाळी मात्र ती मला घेऊन याच दुकानात आली आणि चाचांपुढं हात ठेवून म्हणाली, "भरा. हिरव्याच भरा." विधवा बाईच्या हातात हिरवा चुडा! भावकीत जे काय बोलणं झालं ते झालं. गेल्या वर्षी ती गेली तेव्हा त्या बांगड्या तिच्या हातात होत्या. कुणीतरी काढायला सरसावलं, मी हात लावू दिला नाही.

परवा चाचा लेकीच्या बांगड्या कागदात बांधत होते तेवढ्यात आत्याचा फोन आला. आता ती अगदी थकलीय, पण फोनवर आवाज ठणठणीत. "ओटी तुझ्या जावंला भरू दे बरं का. तू जरा मागं ऱ्हा." माझे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले, म्हणून. म्हटलं, "आत्या, माझ्या आईला विसरलीस?" तर म्हणते, "तिचं कामच व्हतं ते. तू तर मास्तरीण." वा गं वा! म्हणजे माझ्या आईची ती सगळी लढाई नोकरीच्या खात्यावर टाकून बाई मोकळी. माझ्याच लेकीची ओटी, आणि मी मागं राहू? बिलकुल न्हाई. मी फोन ठेवला आणि चाचांपुढं हात केले. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि काही न विचारता साबणाचं पाणी जवळ ओढलं.

काल ओटी झाली. लेक पाटावर बसलेली, खण-नारळ मांडलेला, जाऊबाई तबक घेऊन घुटमळत होत्या. आत्या खुर्चीत बसून माझ्या मनगटांकडं पाहत होती. मी मोरीपाशी गेले, बांगड्या वर सारल्या आणि हात पुढं केले.

"आत्या, पाणी घाल."

ती खुर्चीचा आधार घेत उठली, तिनं तांब्या उचलला आणि धार सोडली. मी कोपरापर्यंत हात धुतले. जाऊबाईंनी टॉवेल पुढं केला, तो घेतला नाही. हात वर धरून वाळवले आणि लेकीसमोर जाऊन बसले.