दूध बंद असलेली मांजर

शेजारीण ऊसतोडीला निघाली त्या सकाळी तिनं आपली मांजर माझ्या ओट्यावर आणून ठेवली. ट्रॅक्टर गल्लीच्या तोंडाशी उभा होता. भांडी, पांघरुणं, कोंबड्या, पोरं, सगळं वर चढलेलं. ती म्हणाली, "ताई, पाच म्हैने संबाळा हिला. तिकडं फडावर कोपीत ऱ्हायचं, झोपडीच ती, अन् कुत्री लई असत्यात. मागं एक मांजर तिथंच गेली माझी." मी हो म्हणाले. तिनं मांजरीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि मागं न बघता ट्रॅक्टरवर चढली.

आमचं गाव शिरूर कासार तालुक्यातलं. दिवाळी झाली की निम्म्या घरांना कुलूप लागतं. त्या वर्षी पाऊसच नव्हता, म्हणून निम्म्याहून जास्त घरं बंद होती. मी गावातल्या सहकारी दूध संस्थेत कामाला होते. दोन्ही वेळचं दूध मोजून घ्यायचं, फॅट तपासायची, कॅन भरून गाडीवर चढवायचे. नवरा पुण्याकडं कंपनीत, घरी मी आणि सासूबाई.

पंधरा दिवसांत मांजरीनं खाणं सोडलं. मला वाटलं, घरधनिणीची आठवण काढत असेल. मग ती ओकायला लागली. एका दुपारी उन्हात पडली होती, तेव्हा मला तिच्या कानांची आतली बाजू दिसली. हळद लावल्यासारखी पिवळी.

गावाबाहेर चारा छावणी सुरू झाली होती. तिथं जनावरांचे डॉक्टर रोज येत. मी मांजर टोपलीत घालून नेली. डॉक्टरांनी टोपलीवरचा कपडासुद्धा उचलला नाही. "हितं गाय, बैल, म्हैस. मांजराची नोंद कुठं करू मी?" म्हणाले. मी म्हणाले, नोंद नका करू, नुसतं बघा. तोवर त्यांनी पुढच्या बैलाकडं तोंड वळवलं होतं. छावणी ज्यांच्या ताब्यात होती तेच आमच्या दूध संस्थेचे चेअरमन. ते खुर्ची टाकून बसले होते. हसत म्हणाले, "मानसाला प्यायला पानी न्हाई, अन् बाई मांजर घेऊन आल्यात."

हे वाक्य मी त्या हिवाळ्यात किती वेळा ऐकलं, सांगता येत नाही. दुष्काळात माणूस कडू होतो, ते मला कळतं. पण टँकरपाशी घागरी घेऊन दोन-दोन तास उभ्या राहणाऱ्या बायकांपैकी एकीनंही मला असं म्हटलं नाही. म्हणायचे ते लोक, ज्यांच्या दारात टँकर सगळ्यांत आधी थांबायचा. त्यांना माणसाच्या तहानेचा पुळका फक्त मांजर दिसल्यावर यायचा. आजही हे लिहिताना माझे कान तापतात.

दुसऱ्या दिवशी सकाळचं दूध गाडीवर चढवलं आणि एसटीनं बीडला गेले. तिथं एक डॉक्टरीणबाई कुत्र्या-मांजरांवर उपचार करते, असं कळलं होतं. तिनं मांजरीचा ओठ वर करून मला हिरड्या दाखवल्या. त्याही पिवळ्या. रक्त तपासलं. म्हणाली, "यकृताचं दुखणं आहे, आणि जुनं आहे. तुमच्याकडे यायच्या आधीपासूनचं. हे मुळातून बरं होणार नाही. पण सांभाळलंत तर जगेल." मग तिनं सांभाळणं म्हणजे काय ते सांगितलं. रोज पाव गोळी. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खाणं. उपाशी एक दिवसही ठेवायची नाही, कारण उपाशी राहिली की यकृत आणखी बिघडतं. "आणि दूध बंद," ती म्हणाली. "दुधानं हिचं पोट बिघडतं आणि मग ती खाणंच सोडते."

खायला उकडलेली कोंबडी, बिनमिठाची. सासूबाई माळकरी. मी घाबरत घाबरत विचारलं. त्या उठल्या. मग परसात गेल्या, तीन दगड मांडले, जुनं पातेलं त्यावर ठेवलं आणि म्हणाल्या, "घरात आणायचं न्हाई. अन् ते पातेलं माझ्या भांड्यात मिसळायचं न्हाई." पुढचे चार महिने मी त्या चुलीवर कोंबडी उकडली, बोटांनी कुस्करली आणि मांजरीला भरवली. पहिले आठ दिवस बिनसुईच्या इंजेक्शननं पातळ करून तोंडात घालावी लागली. टॉवेलात गुंडाळली तरी ती ओरबाडायची. माझे दोन्ही हात मनगटापर्यंत ओरखड्यांनी भरले होते. दुपारच्या खाण्यासाठी मी तिला टोपलीतून संस्थेत न्यायची आणि ती पोत्यावर निजायची.

हळूहळू कानांचा पिवळेपणा उतरला. ती स्वतः उठून वाटीपाशी यायला लागली. त्या दिवशी सासूबाईंनी मला विचारलं, "खाल्लं का तिनं?" त्यानंतर रोज विचारायला लागल्या.

आणि याच सुमारास संस्थेची सभा झाली. दूध आटत चाललं होतं. त्यातच शीतकरण केंद्रावर पोचणारं दूध आमच्या मोजमापापेक्षा कमी भरायचं. लोकांनी विचारलं, ही घट कशाची? चेअरमन उठले आणि माझ्याकडं हात करून म्हणाले, "संस्थेत मांजर पाळलीय बाईंनी. आता दूध कुठं जातं, ते मी वेगळं सांगायला पाहिजे का?"

सगळे हसले. मी उभी राहिले. म्हणाले, "तिला दूध बंद हाय. डॉक्टरांनी सांगितलंय." मग तर जास्तच हसले. मागून कोणीतरी म्हणालं, "दूध न पिणारी मांजर, लई नवल हाय."

घट कुठं जात होती ते मला माहीत होतं. रोज सकाळी मोजून झालेल्या दुधातली एक किटली चेअरमनच्या घरी जायची. छावणी बघायला येणाऱ्या पुढाऱ्यांच्या चहासाठी. मी स्वतः ती भरून दिली होती, दोन महिने, तोंडातून शब्द न काढता. त्या दिवशी मात्र मी ते सगळ्यांसमोर सांगितलं. हसणं बंद झालं. दूध घालणारे पंचवीस-तीस जण बसले होते आणि किटली जाताना सगळ्यांनी पाहिली होती. एकानंही मान वर केली नाही. चेअरमन अगदी शांतपणे म्हणाले, "बाई, बसा खाली."

किटली बंद झाली. आठ दिवसांनी मला निरोप आला की दुष्काळामुळं काम उरलं नाही, उद्यापासून येऊ नका. सगळ्याला दुष्काळ हेच उत्तर. संस्था सगळ्यांची म्हणायची आणि तिथं खरं बोलायला एक माणूस निघायचा नाही. मला नोकरीपेक्षा त्या खाली गेलेल्या मानांचा राग जास्त होता, अजून आहे.

चैत्रात शेजारीण परत आली. काळी पडली होती, हाताला चिंधी बांधलेली. मांजर तिच्या पायाला घासून बसली. तिनं उचलून घेतली, फासळ्या चाचपल्या आणि म्हणाली, "वाळलीय, पर जित्ती हाय." मी तिला ओरखड्यांपासून सभेपर्यंत सगळं सांगितलं. वाटलं, ती माझ्यासारखीच भडकेल. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पर ताई, दोन म्हैने तुमी काहून गप बसलात?"

नोकरीची भीती, हे तर मलाही माहीत होतं. पण तिच्यासमोर ते शब्द तोंडातून निघेनात. गोळी कशी द्यायची ते तिनं माझ्याकडून नीट शिकून घेतलं आणि मांजर घरी नेली.

त्यानंतर मांजर आणखी दोन हंगाम जगली. उन्हाळा-पावसाळा तिच्याकडं, ऊस सुरू झाला की माझ्याकडं. तिसऱ्या वर्षी थंडीत पुन्हा कान पिवळे झाले आणि या वेळी पिवळेपणा उतरला नाही. बीडच्या डॉक्टरीणबाईनंही मान हलवली. एका दुपारी परसात सासूबाईंच्या पायाशी तिचा जीव गेला.

मी कारखान्यावर शेजारणीच्या नवऱ्याला फोन लावला. त्यानं तिला बोलावून आणलं. मी सांगितलं. पलीकडं नुसता बैलांच्या घुंगरांचा आवाज येत राहिला.

"काल खाल्लं का तिनं काई?" तिनं विचारलं.

"दोन घास खाल्ले," मी म्हणाले.

"मंग बरं झालं," ती म्हणाली. तेवढ्यात तिला कोणीतरी उसाच्या मोळ्या उचलायला हाक मारली आणि फोन बंद झाला.