काळे बाबूंचं शून्य

काळे बाबू समोरच्याचं बोलणं संपायच्या आत पेनाचं टोपण लावत. टक्. म्हणजे तुमचं झालं. माणूस जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण ती टक् मला अजून सहन होत नाही.

दुष्काळात मंगरूळपीरला उघडलेली तात्पुरती कचेरी. ते हेडक्लार्क, मी नवी कारकून: दोन वेण्या, कडक इस्त्रीची साडी आणि सगळं जग आपल्यामुळेच चाललंय असा चेहरा. त्या पोरीला आज मी भाजी निवडायलासुद्धा ठेवणार नाही.

आमच्या तक्त्यात एक रकाना होता: उपसा लावल्यावर गावची विहीर किती तासांत आटते? तक्ते शहरात जात. तिथे आकड्यांची भोकं पाडलेली कार्डं मशीन वाची आणि ज्या गावाचा आकडा लहान, त्याला टँकर आधी मिळे. आसेगावची विहीर कोरडीठाक, म्हणून शून्य. पण इंझोरीची आटतच नव्हती. तिथं काय लिहायचं?

"नव्याण्णव लिहू," मी ऐटीत म्हणाले.

"अन् एखादी खरंच नव्याण्णव तासानं आटली तं? अक्कल घरी ठिवून येता काय, बाई?"

बोलणं बरोबर होतं, म्हणून जास्तच झोंबलं. मग त्यांनी स्वतःचा तोडगा काढला. "आटतच नाई, म्हंजे तास नाईत. तास नाईत, म्हंजे शून्य." टक्.

टँकर एकच. तो इंझोरीला जाऊ लागला. तिथले लोक त्या पाण्यानं बैल धूत.

आसेगावच्या बौद्ध वस्तीतली पारबताबाई कचेरीत आली. "सून बाळंतीण हाये, सायेब. घरात प्यायले पाणी नाई."

बाबूंनी मान वर केली नाही. "तुमचं शून्य, त्याईचंबी शून्य. मशीननं त्याईले पयले धरलं, मी काय करू?"

"तिथं पाणी हाये ना जी."

"कागदावर नाई." टक्.

"दुरुस्ती पाठवू या ना, बाबू," मी म्हणाले.

"माह्या सहीचा कागद मी कायले खोडू? लय शायन्या झाल्या काय तुमी?"

पुढचा तक्ता मीच लिहिला. इंझोरीच्या रकान्यात, रेघा ओलांडून, ठळक अक्षरांत: आटत नाही. शहरात कार्डांना भोकं पाडणाऱ्या मुलीचा हात तिथं अडला. तिनं कागद साहेबापुढे टाकला, आणि पहिल्यांदाच तो माणसानं वाचला.

टँकर आसेगावला गेला आणि मी घरी. "उद्यापासून येऊ नका," बाबू म्हणाले. तेव्हाही मान खालीच.

पुढे कधीतरी एस.टी. स्टँडवर दिसले. थकलेले, पण खिशाला पेन तेच.

"रकान्यात अक्षरं लिवणारी तूच ना?"

"हो."

"मशीनले अक्षरं समजत नाईत, एवढंबी कळत नव्हतं तुले."

"कळत होतं, बाबू. म्हणूनच लिहिली."

त्यांचा हात खिशाकडे गेला. टोपण आधीच लावलेलं होतं.