मृदंगाची कणीक

लिंबाजी मास्तर शिकवणीला आले की आधी कणीक मळायचे. नवीन माणसाला वाटायचं, हा इथं स्वयंपाक मांडतो की काय. तर तसं नाही. मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापल्याशिवाय आवाज भरत नाही, नुसता फुटक्या डब्यासारखा वाजतो. ज्वारीचं पीठ धरत नाही, गव्हाचंच लागतं. मास्तर मूठभर पीठ घ्यायचे, जरासं पाणी, अंगठ्यानं दाबून दाबून लावायचे आणि थाप मारून कान द्यायचे. आवाज जमला की म्हणायचे, "हां, आता बोलाय लागलं बघा."

ही आमची निलंग्याची संगीत शाळा. शाळा म्हणजे एक खोली हो, वाचनालयामागची. मी पेटीवर बसायची. मला कुणी शिकवलं नव्हतं, ऐकून ऐकून बोटं बसली होती. ताल मास्तरांकडं. त्यांच्या वडलांनी जन्मभर हलगी वाजवली, लग्न असो नाहीतर मयत, लोकांच्या दारात उभं राहून. घरानं बुद्धाचा धम्म घेतला, हलगी खाली उतरली, ती परत कुणी हातात घेतली नाही. मृदंग मास्तर कंधारला एका बुवांकडं शिकले, तेही ओसरीच्या खाली बसून. म्हणायचे, "बाई, माझा बाप दारात वाजवायचा. मी खोलीत बसून शिकवतो, अन् सगळ्यांची पोरं चपला काढून आत येत्यात. अजून काय पाहिजे?"

पोरांना बोलायचे मात्र तिखट. "आधी तोंडानं म्हण, मग हातानं. हात हाय का उलथणं?" शिकवणी संपली की कणीक खरवडून काढायची असते. तो मान त्या दिवशी सगळ्यात नीट वाजवणाऱ्याचा. ते पोर ऐटीत बाहेर जायचं आणि चिमण्यांना कणीक टाकून यायचं.

मग लातूर जिल्हा नवा झाला, कचेऱ्या आल्या, साहेब आले. पाऊस तेवढा आला नाही, लागोपाठ दोन वर्षं. आणि एक नवल झालं. पोरं जीव तोडून वाजवायला लागली. खडी फोडणाऱ्या बाईची काशी, सात-आठ वर्षांची, वर्गात सगळ्यात कच्ची. तिनं चार दिवस ओळीनं मान मिळवला. मास्तर खूश. "बाई, दुष्काळानं पोरांची उनाडकी गेली बघा." मलाही तसंच वाटलं. आम्ही दोघंही शहाणे.

पाचव्या दिवशी मी घागर बघायला खोलीच्या मागं गेले. भिंतीला टेकून काशी उकिडवी बसली होती, गालात कणीक. समोर एक पोरगा हात पसरून उभा. "अर्धी देते म्हणली होतीस की गं." मला बघून काशीनं घाईनं गिळलं. म्हणाली, "मास्तरला सांगू नका बाई. मी नीट वाजवून घेतलीय."

मी सांगितलं. मास्तर उठून अंगणात जाऊन आले. मग म्हणाले, "अंगणात चिमण्या दिसत नव्हत्या, माझ्या ध्यानात कसं आलं न्हाई?" डब्यातलं पीठ त्यांनी पोरांच्या घरी वाटून टाकलं. त्या दिवसापासून मृदंगाला कणीक नाही. डावं तोंड मुकं झालं.

तेवढ्यात लातूरहून निरोप आला. साहेब येऊन बघणार, शाळा ठेवायची का खोली धान्याच्या गोदामाला द्यायची. साहेब यायच्या दिवशी मी घरून मूठभर पीठ नेलं. म्हटलं, "मास्तर, आजच्या दिवस लावा. खोली जाईल."

"पोरांसमोर?"

"पोरांसमोर."

त्यांनी पीठ हातात घेतलं. सगळी पोरं मृदंगाकडं नाही, त्यांच्या मुठीकडं बघत होती. मास्तरांनी ते रुमालात बांधलं आणि काशीला दिलं. "आईला नेऊन दे, अन् पळत ये."

साहेबांनी दोन-तीन पोरांचं ऐकलं. "आवाजच नाही हो याला. काय शिकवता तुम्ही?" मास्तरांनी कणकेचं नाव न काढता मृदंगाला खोळ चढवली. मीही ते सांगितलं नाही. आठ दिवसांत खोलीत पोती लागली.

बँडवाल्यांनी मास्तरांना लग्नसराईला बोलावलं. ते "दारात न्हाई वाजवणार" म्हणाले आणि लातूरला डाळमिलवर हमालीला गेले. मी रागानं निरोप द्यायलाही गेले नाही. एका माणसाच्या हट्टापायी शाळा बुडाली, असं चारचौघांत बोललेसुद्धा.

दोन वर्षांनी लातूरच्या दवाखान्यात त्यांना बघितलं. छातीत भुसा भरलेला, बोलताना दम पुरेना. मला म्हणाले, "बाई, त्या दिवशी कणीक लावायला पाहिजे होती का हो? खोली राहिली असती."

मी म्हटलं, "राहिली असती."

त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडं तोंड केलं. तिसऱ्या दिवशी गेले.

साहेब येऊन गेले त्या संध्याकाळी मी काशीच्या दारावरून गेले होते. आईनं त्या पिठाची पातळ पेज केली होती. चार पोरं एका ताटाभोवती बसली होती आणि काशी धाकट्याला बोटानं चाटवत होती. हे मी मास्तरांना सांगितलं नाही.