निरोप सांगणारे काशीनाथ

गोडदेवच्या एका बिल्डिंगमध्ये कुणी वारलं की गावाकडे फोन करायचं काम काशीनाथांकडे यायचं. माणूस गेला असं ते कधीच सांगत नसत. "तब्येत जरा सिरीयस आहे, निघून या," एवढंच. वाटेत कुणी हाय खाऊ नये म्हणून आपल्याकडे असंच सांगतात. त्यांच्या पत्नी हंसाबाई शेजारी भाजी निवडत ते ऐकत असायच्या.

अशा माणसाचा दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास कसा बसावा? हंसाबाईंना न्यूमोनियाने आयसीयूत ठेवलं आणि डॉक्टर म्हणाले, "पेशंट स्टेबल आहे," तेव्हा काशीनाथांना भलतीच शंका आली. गेलेल्याला आपण सिरीयस म्हणतो, मग हे लोक स्टेबल कुणाला म्हणत असतील?

त्यांनी वैजयंता सिस्टरना गाठलं. "खरं सांगा, काय लपवताय?"

"काका, स्टेबल म्हणजे बऱ्या झाल्या असं नाही. प्रेशर, नाडी, श्वास, ऑक्सिजन, सगळं ठीक आहे आणि तसंच टिकून राहतंय. काल प्रेशर औषधावर टिकत होतं. आज औषध बंद केलंय, तरी टिकतंय. ते महत्त्वाचं. आता वॉर्डात हलवतोय."

एवढं गोड समजावतेय म्हणजे नक्की कुठेतरी पाणी मुरतंय, असं काशीनाथांनी ठरवून टाकलं. वॉर्डात हलवतायत, म्हणजे डॉक्टरांनी हात टेकलेत! निदान माहेरचं माणूस डोळ्यांनी दिसावं म्हणून त्यांनी चिपळूणला मेहुण्याला, बबनला, फोन लावला. रडू आवरत बोलायला गेले आणि तोंडून सवयीचंच वाक्य निघालं.

दुसऱ्या दिवशी बबन वॉर्डात शिरला तेव्हा हंसाबाई उशीला टेकून पेज पीत होत्या. बहीण जिवंत बघून तो दारातच मटकन बसला आणि हुंदके देऊ लागला. हातातली पिशवी कलंडली. आतून हिरवी साडी बाहेर आली. सवाष्ण गेली की माहेरून आणतात, तशी कोरी.

हंसाबाईंनी चमचा खाली ठेवला. "ह्याला काय सांगितलंत?"

"अगं, काही नाही. तू स्टेबल आहेस."

"मला नका सांगू. लोकांना फोनवर कसं सांगता, ते आयुष्यभर ऐकलंय मी." त्यांना धाप लागली, डोळे भरून आले. "किती दिवस उरलेत, तेवढं बोला."

काशीनाथांनी गळ्याची शपथ घेतली, पोरांची घेतली. हंसाबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हातारा चपला न घालताच कॉरिडॉरमधून धावत सुटला.

"सिस्टर, चला हो लवकर! तुम्ही सांगा तिला. माझ्यावर तिचा विश्वास नाही."