रेवताबाईची परमनंट सून

पीएचडीनंतर काय करायचं, हे सिहोऱ्यात कुणाला विचारण्यात अर्थ नव्हता आणि ज्योत्सनाने विचारलंही नाही. तलावातल्या माशांवर प्रबंध लिहून ती डॉक्टर झाली. त्याच तलावात तिच्या नवऱ्याचं, खेमराजचं, जाळं पडायचं. ती तालुक्याच्या कॉलेजात तासांवर शिकवायची. तास घेतला तर पैसे, सुट्ट्या लागल्या की हात हलवत घरी.

तिला हवी होती विद्यापीठाची पोस्टडॉक फेलोशिप, म्हणजे प्रयोगशाळेत बसून पुढचं संशोधन आणि दरमहा धड पगार. पण त्यासाठी आधी मार्गदर्शक लागतो. प्राध्यापकांना मेल पाठवायचे, उत्तराची वाट बघायची, मग वाट बघणंही सोडायचं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं असतात म्हणे. इथे तर नवरदेवच फोन उचलत नव्हता. शेवटी नागपूरच्या एक मॅडम हो म्हणाल्या, तोवर नेहमीच्या फेलोशिपसाठी वय आडवं आलं. उरली एकच योजना. संसारापायी ज्यांची नोकरी हुकली, अशा बायकांसाठीची. अट एवढीच की कायमची नोकरी नसावी. ती अट ज्योत्सना न सांगताच पाळत आली होती. पुढच्या वर्षी मात्र हेही दार वयामुळे बंद होणार होतं.

मुलाखत चांगली झाली. आता योजनेच्या ऑफिसातून चौकशीचा एक फोन तेवढा यायचा होता. तो नेमका ती मोबाईल चार्जिंगला विसरून गेली त्या दिवशी आला. सासूने उचलला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा रेवताबाई माशांचं टोपलं धूत होती. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"नागपूरवरून फोन आला होता. सून नोकरी करते का, म्हणे. म्या सांगतलं, परमनंट प्रोफेसर हाये. एक दिवस घरी बसत नाही."

ज्योत्सना ओट्यावरच बसली. रागावायलाही अंगात बळ लागतं. आणि रागावायचं कुणावर? बाजारात बायका रेवताबाईला खवचटपणे विचारायच्या, सून एवढी शिकली, मंग तू अजून टोपलं कायले उचलतेस? त्यांचं तोंड बंद करायला सासूजवळ 'परमनंट' हा एकच शब्द होता. ज्योत्सनाने तो कधी खोडला नव्हता. ऐकायला तिलाही बरा वाटायचा.

तिने सासूसमोरच त्या ऑफिसच्या नंबरवर फोन लावला.

"मॅडम, सासूबाईंचा गैरसमज झाला. मी कायम नाही, तासांवर आहे. उन्हाळ्यात काहीच मिळत नाही. पुढच्या वर्षी बोलावतील की नाही, तेही माहीत नाही."

टोपल्यावरचा सासूचा हात थांबला.

"नोकरी लपवली असा शेरा गेलाय," पलीकडची बाई म्हणाली. "यादी दुपारीच वर गेली. तुमचं नाव त्यात नाही. आता माझ्या हातात काही नाही हो."

ज्योत्सनाने फोन खाली ठेवला. काय गेलं आणि कशाने गेलं, हे तिने सासूला सांगितलं नाही. सांगून ते परत येणार नव्हतं.

रेवताबाईला फेलोशिप कळली नव्हती. तिला दुसरंच कळलं होतं.

"तू परमनंट नाहीस?"

"नाही, आई."

रेवताबाईने टोपलं पालथं घातलं.

"मंग इतके वर्स तू रोज सकाळी कुठी जाऊन राहिली होती?"

"शिकवाले," ज्योत्सना म्हणाली आणि पोळ्यांची कणीक काढायला उठली. उद्याचा पहिला तास तिचाच होता.