कोणतीही वहिवाट नाही

माझं टायपिंगचं दुकान उल्हासनगरात, सरकारी कचेऱ्यांजवळच्या एका गल्लीत आहे. प्रतिज्ञापत्रं, हरकती, भाडेकरार, जमिनीचे अर्ज, सगळं मी टाइप करते. पंचवीसेक वर्षं दुसऱ्यांची भांडणं टाइप केल्यावर माणसाचा स्वभाव सरळ राहत नाही. गोड मजकूर नेहमी वरच्या बाजूला असतो आणि खरी गोम तळाशी. ‘तथापि’ हा शब्द दिसला की मी चष्मा पुसून पुन्हा वाचते. शेजारी जीन्सच्या कापडाचं दुकान असलेला सिंधी व्यापारी मला नेहमी चिडवतो, “दीदी, आप तो सूरज पे भी शक करोगी.” तो आपला थट्टेत म्हणतो, पण मी तेही करून बसले आहे.

राहते बदलापूरला, फ्लॅटमध्ये. माहेर बारवी धरणाच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या एका पाड्यावर. आई लवकर गेली, काकूने मला वाढवलं. काकू आता सत्तरीला आली असेल. नक्की वय तिलाही माहीत नाही. भाताची थोडी जमीन आहे, ती आता चुलतभाऊ बघतो. काकूचं स्वतःचं म्हणावं असं एकच काम, रानभाज्या. जूनमध्ये शेवळं येतात, मग कुर्डू, टाकळा, भारंग. शेवळं काकडाशिवाय रांधली तर घसा खवखवतो, म्हणून ती जुड्यांबरोबर काकडाची फळंही आणते आणि बदलापूर स्टेशनबाहेर वाटे लावून बसते. अंबरनाथहून, उल्हासनगरहून बायका खास तिच्याकडे येतात. “शेवळंवाली आजी आली का?” असं विचारतात. ही विचारणा ऐकली की काकू पदर नीट करते. पोराच्या हाताखाली जगणाऱ्या म्हातारीला असा भाव दुसरीकडे कुठे मिळणार?

शेवळं ज्या रानात उगवतात तिथे जायची वाट पाड्यामागच्या गायरानातून चढते. कुणी काढली ठाऊक नाही. चढाच्या जागी दगडांच्या पायऱ्या रचलेल्या आहेत. दुसरी वाट लांबून, ओढ्यातून आहे, आणि नेमकी पावसात ती उपयोगाची नाही, कारण ओढ्याला कमरेइतकं पाणी असतं.

या गायरानावर सौर प्रकल्प येणार अशी बातमी आली तेव्हा मी कान टवकारले. राज्याचं धोरण मला चांगलं ठाऊक होतं. सरकारी जमिनीवर पॅनल लावायची, त्यावर शेतीच्या पंपांना दिवसा वीज द्यायची, धूर नाही, कोळसा नाही. दुसरा निर्णय असा की गावोगावच्या पाणंदी आणि पायवाटा, म्हणजे लोकांची जुनी वहिवाट, नकाशावर नोंदवून घ्यायची. नोंदलेली वाट कुणालाही अडवता येणार नाही, अगदी प्रकल्पालासुद्धा. दोन्ही कागद माझ्या दुकानात झेरॉक्सला आले होते. दोन्ही वाचले, आणि इतकं चांगलं काही सरकार आपणहून देतं यावर माझा विश्वास बसेना.

संध्याकाळी काकूचा फोन आला. “बाय, ती तलाठीन बाई येनार हाय वाटा लिवायला. काय सांगू?”

मी म्हटलं, “काही सांगायचं नाही.”

हे मी काही नवीन शिकवलं नव्हतं. आमच्या पाड्यावर ही रीतच होती. माझ्या आजोबांना एकदा एका फॉरेस्ट गार्डाने गोड बोलून विचारलं होतं, रानातून काय काय आणता. आजोबा भोळे. त्यांनी गवत, सरपण, मध, सगळं सांगून टाकलं. आठवड्याभरात माणसं आली आणि घराघरातले कोयते घेऊन गेली. ते काही परत मिळाले नाहीत. तेव्हापासून सगळ्यांनी कानाला खडा लावला. वही घेतलेला माणूस दिसला की पाड्यावर अळीमिळी गुपचिळी. लहानपणी करवंदांनी जांभळे झालेले ओठ घेऊनसुद्धा आम्ही म्हणायचो, “आम्ही रानात जात नाही.”

मी या जुन्या रीतीला माझी शहरातली अक्कल जोडली. बदलापूरजवळच्या एका धबधब्यावर पूर्वी आम्ही हवं तेव्हा जात होतो. मग तिथे पाटी लागली, मग तिकीट, मग पावसाळ्यात जायलाच मनाई. मी काकूला समजावलं, वाट कागदावर आली की पाठोपाठ वाटेवर फाटक येतं. जी वाट कुणाला माहीत नाही तीच आपली. हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. काकूने सगळ्या पाड्यात ते सांगितलं.

सभेच्या दिवशी दुकान बंद ठेवून मी मुद्दाम गेले. तलाठी तिशीतली, बारीक अंगाची, स्कूटरवरून आलेली. पायांत चिखलाचे बूट. मी आधी तिची स्कूटर पाहून घेतली. नवी असती तर माझं काम सोपं झालं असतं. जुनी होती, एका बाजूचा आरसा तडकलेला. मग मला वाटलं, मुद्दाम जुनी वापरत असेल.

सभा शाळेच्या ओट्यावर होती. तिने नकाशा पसरला आणि विचारलं, गायरानातून कोण जातं, कुठून, कशासाठी. कुणी बोललं तर ती रेघ मारणार होती. कुणी बोललं नाही. तिने पुन्हा विचारलं. सगळे एकमेकांकडे बघून मग माझ्याकडे बघत होते. मी मागे भिंतीला टेकून बसले होते, आणि मला त्या बघण्याची मजा वाटत होती, हे आज कबूल करते.

शेवटी तिने बोट दाखवलं. ओट्यावरूनच ती वाट स्वच्छ दिसत होती. “मग ही पायवाट कुणाची?”

एक म्हातारे शेतकरी म्हणाले, “गुरांची.”

“गुरं दगडाच्या पायऱ्या रचतात का, बाबा?”

“आमची गुरं हुशार हायत.”

सगळे हसले, मीही हसले. ती नाही हसली. तिने काकूकडे पाहिलं आणि वेगळं विचारलं, “आजी, तुम्ही जाता का वर?” काकूने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग मान हलवून नाही म्हणाली. पंचनामा झाला. सह्या आणि अंगठे झाले. त्यातलं एक वाक्य मी नंतर इतक्या वेळा वाचलं की पाठ आहे: ‘सदर क्षेत्रातून कोणतीही वहिवाट नसल्याचे ग्रामस्थ एकमुखाने सांगतात.’

निघताना ती माझ्याजवळ आली. कुणीतरी तिला माझा धंदा सांगितला होता. ती म्हणाली, ताई, मुदतीच्या आत हरकतीचा अर्ज देता येतो, वाट दाखवून द्या, तुम्ही तर स्वतःच टाइप करता. नंबरही दिला. मी तो ‘तलाठी सोलर’ या नावाने सेव्ह केला. पुढे तिचा दोनदा फोन आला. पहिल्यांदा मी उचलला आणि ताकास तूर लागू दिली नाही. दुसऱ्यांदा उचललाच नाही. सरकारी माणूस आपणहून दोनदा फोन करतो म्हणजे त्याला काहीतरी हवं असतं, असा माझा हिशेब. अर्ज दिला तर रानात जाणाऱ्यांची नावं त्यात येणार, आणि मग सरकारला ती यादी आयती मिळणार. मुदत संपली त्या दिवशी मी सुटकेचा निःश्वास सोडला. काकूलाही फोन करून सांगितलं की आता काही भीती नाही.

मे महिन्यात जाळी आली.

काकूने फोनवर एवढंच सांगितलं की वाट जाळीत गेली. मी पोचले तेव्हा खांब रोवून झाले होते. पायवाट जाळीखाली शिरत होती आणि पलीकडे तशीच डोंगराला लागत होती, मध्ये पॅनलच्या रांगा. फाटकावरचा रखवालदार उत्तरेकडचा होता, बिचारा नम्रपणे म्हणाला, “अंदर अलाउड नहीं है, आंटी.” मी त्याच्याशी भांडले. त्याने आदराने ऐकून घेतलं आणि फाटक उघडलं नाही.

जूनमध्ये काकू ओढ्याच्या वाटेने गेली. एकदाच. छातीपर्यंत भिजलेली, रिकामी टोपली घेऊन परत आली. पाय घसरला होता, एका झाडाच्या मुळीला धरून ती राहिली. चुलतभावाने तिला पुन्हा जाऊ दिलं नाही. तरण्या बायका त्या वाटेने जातात, त्यांना जमतं. स्टेशनबाहेर काकूच्या जागेवर आता दुसरी कुणी बसते. मी रोज त्याच रस्त्याने जाते, आणि एका गिऱ्हाइकाने तिला “ती आजी गेली का हो?” असं विचारलेलं मी कानांनी ऐकलं. मला तिथेच रडू फुटलं. ती जिवंत आहे, घरात बसून आहे, हे त्या बाईला मी सांगितलंसुद्धा नाही.

मग मी तलाठीकडे गेले. तिने एक शब्द टोचून बोलावा अशी माझी इच्छा होती, म्हणजे मला भांडता आलं असतं. तिने मला बसायला खुर्ची दिली. कपाटातून तिने जागेवर बनवलेला कच्चा नकाशा काढला. त्यावर पेन्सिलीने एक बारीक तुटक रेघ होती. पाड्यापासून निघून गायरानातून वर, दोन ठिकाणी वळलेली. जिथे पायऱ्या आहेत तिथे तिने लहान आडव्या खुणा केल्या होत्या. वर रानाच्या कडेला लिहिलं होतं, ‘शेवळं’.

“मी काढली होती ताई,” ती म्हणाली. “पक्क्या नकाशात घ्या म्हणून साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, सगळ्या गावाचे अंगठे आहेत, वाट नाही म्हणून. तुझं ऐकू की गावाचं?”

तिचं माहेरही शहापूरकडच्या असल्याच एका पाड्यावर आहे, हे तिने नंतर ओघात सांगितलं. मी विचारलं नव्हतं. मी तिची स्कूटर पाहिली, नंबर ‘तलाठी सोलर’ म्हणून ठेवला, पण तुम्ही कुठल्या, एवढा साधा प्रश्न एकदाही विचारला नव्हता.

उपाय एकच उरला होता. वहिवाट खुली करून मागण्यासाठी तहसीलदारांकडे दावा, आणि सोबत जुन्या वापरणाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. त्यात मागचं सांगणं खोटं होतं असं लिहून द्यावं लागणार. सगळ्यात जुनी वापरणारी काकू. मी दुकानात बसून तिचं प्रतिज्ञापत्र टाइप केलं: गेली चाळीस वर्षं मी या वाटेने जात आहे, पंचनाम्यातला माझा जबाब गैरसमजातून दिला गेला होता. नेहमीची सफाईदार भाषा. गैरसमज म्हटलं की कुणाचाच दोष राहत नाही.

रविवारी पाड्यावर गेले. काकू ओट्यावर वाल सोलत बसली होती. मी तिला कागदाचं सांगितलं, आणि ओशाळून तलाठीच्या त्या पेन्सिलीच्या रेघेचंही सांगितलं. म्हटलं, ती बाई चांगली निघाली, तिला वरची शेवळांची जागासुद्धा माहीत होती, कशी कोण जाणे.

“मीच दावली तिला,” काकू म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग तिने सांगितलं. सभेच्या आदल्या आठवड्यात तलाठी एकटीच वाट बघायला आली होती. काकू सरपणाला निघाली होती. दोघी बोलत बोलत वर गेल्या. काकूने तिला पायऱ्या दाखवल्या, जून महिन्यात शेवळं कुठे फुटतात ती जागा दाखवली. उतरताना बाईने काकूचा भारा अर्ध्या वाटेपर्यंत उचलला होता.

“मग सभेत का नाही म्हणालीस? तिने तुलाच तर विचारलं होतं.”

काकूच्या हातातला वाल सोलायचा राहिला. “सांगनारच होती गं. तोंडापत्तुर आला होता. पन तू मागं बसलेली, माझ्याकडं बघत. त्या बाईचा खरा केला असता, तर चार लोकांत तू खोटी पडली असतीस. तुला मी खोटी पाडू का?”

मी अंगठ्याचं पॅड उघडून तिच्यापुढे धरलं होतं. ते मिटलं आणि कागद पिशवीत घातला. तिला वाटलं मी रागावले. तिने माझ्या पिशवीत सोललेले वाल भरले आणि पुढच्या रविवारी लवकर ये म्हणाली.

सोमवारी दुकान उघडून मी पहिल्यांदा ते प्रतिज्ञापत्र काढलं. ‘गैरसमजातून’ हा शब्द पुसला, आणि त्या जागी टाइप केलं: ‘माझ्या पुतणीच्या सांगण्यावरून’. खाली पुतणी म्हणून माझं पूर्ण नाव लिहिलं.