अमेरिकेची उतरती रेघ

भूगोल शिकवता शिकवता मी निवृत्त झालो, पण शिकवायची खोड काही निवृत्त झाली नाही. सेलूतल्या आमच्या घरी कोणीही आलं की मी मोबाईल पुढं करतो. हल्ली त्यात एक आलेख असतो: भारत आणि अमेरिका, दोन्हीकडं पिकाखालची जमीन वर्षानुवर्षं किती राहिली. भारताची रेघ जवळजवळ आडवी, अमेरिकेची हळूहळू उतरलेली. त्या उतरत्या रेघेवर मी अर्धा तास बोलू शकतो, आणि बोलतोच.

परवा गावाहून मोठा भाऊ तुरीच्या शेंगा घेऊन आला. बायकोनं त्या मीठ घालून उकडून दिल्या. भाऊला झोपाळ्यावर बसवून मी अमेरिकेची हजेरी घेतली. एवढा मोठा देश, आणि यांना साधी शेतजमीन सांभाळता येऊ नये? माझा आवाज पार वर्गातल्यासारखा चढला.

भाऊ अंगणातली फरशी पाहत होता. “तू प्लॉट घेतला तवा इथं पऱ्हाटी होती ना?”

नाही म्हणायची सोय नव्हती. भूमिपूजनाच्या फोटोत आम्हा नवरा-बायकोमागं कपाशीची बोंडं फुटलेली दिसतात, आणि तो फोटो मीच हौसेनं हॉलमध्ये लावलाय.

“होती,” मी म्हणालो. “पण भाऊ, हे लेआउट आहे. रीतसर एन.ए. झालं. कागदावर ही आता शेती नाई.”

भाऊनं शेंग सोलली.

“मंग अमेरिकावाल्यायनंही एन.ए. केलं असन. तू काऊन जीव जाळून राह्यला?”